मोठी नौका, मुका सहप्रवासी

श्रीपूरचे नाव निघाले की साखर आठवते. चंद्रशेखर आगाशे यांनी १९३४ मध्ये स्थापन केलेल्या बृहन् महाराष्ट्र शुगर सिंडिकेटच्या कारखान्याने माळशिरस तालुक्यातील या गावाला ओळख दिली आणि आसपासच्या व्यापारी पेठांना बरकत दिली. नौकेचा आणि श्रीपूरचा संबंध सहजी कोणाच्या मनात येणार नाही. तरीही पाणी येथून दूर नाही. नीरा आणि भीमा यांचा नृसिंहपूरचा संगम याच परिसरातला. पूल नव्हते तेव्हा माणसे, धान्याची पोती आणि गुरेढोरे होडीनेच पैलतीरी जात. भीमेच्या वरच्या अंगाला १९८० मध्ये उजनीचे धरण पूर्ण झाले, सुमारे ११७ टीएमसी पाण्याचा जलाशय पसरला, आणि ज्या गावांचे जुने रस्ते पाण्याखाली गेले त्यांच्यासाठी लाँच हेच जवळचे वाहन ठरले.

याच भागातील अनेक व्यापारी कुटुंबांच्या शाखा आज पुण्या-मुंबईत आहेत. त्यांपैकी काहींनी अलिबाग-मांडव्याकडे सुट्टीचे घर घेतले आहे. घरात कुत्रा असतो, मुलांना त्याला सोडून जाणे नको असते, आणि मुंबई बंदराचे पाणी ओलांडायचे तर काय, हा प्रश्न उभा राहतो. प्रारंभी लहान लाँच पुरते. पुढे मोठ्या फेरीची सवय लागते. क्वचित एखादे कुटुंब स्वतःची छोटी होडी घेते आणि दोन-तीन वर्षांत तिच्या जागी मोठी डिझेल नौका घेण्याचा विचार करू लागते. हा विचार वरवर दिसतो तितका सरळ नाही. नौका मोठी झाली की खर्चाचे आणि जबाबदारीचे गणित निराळ्याच प्रमाणात वाढते. सोबत मुका प्राणी असेल, तर त्या नौकेत नेमके काय कमी आहे हेही लवकरच उघडे पडते.

मोठ्या जहाजाचा मोह सोलापूरकरांना नवा नाही. १८८२ मध्ये सोलापूरच्या जैन व्यापारी घराण्यात जन्मलेले वालचंद हिराचंद दोशी यांनी नरोत्तम मोरारजी आदी सहकाऱ्यांसह १९१९ मध्ये सिंधिया स्टीम नॅव्हिगेशन कंपनी उभी केली. ग्वाल्हेरच्या महाराजांकडे असलेले 'लॉयल्टी' हे जहाज कंपनीने विकत घेतले. मूळचे ते 'एम्प्रेस ऑफ इंडिया' या नावाचे कॅनेडियन पॅसिफिक कंपनीचे प्रवासी जहाज; १८९१ मध्ये सेवेत आलेले आणि पहिल्या महायुद्धात रुग्णालय-जहाज म्हणून वापरलेले. ५ एप्रिल १९१९ रोजी ते मुंबईहून इंग्लंडकडे निघाले. त्या दिवसाची आठवण म्हणून ५ एप्रिल हा राष्ट्रीय सागरी दिन पाळला जातो. देशाच्या दृष्टीने ती घटना अभिमानाचीच होती. हिशेबाच्या वहीत मात्र चित्र वेगळे होते. जहाज जुने, प्रवासी वाहतुकीसाठी बांधलेले आणि कोळशाचा मोठा खप असलेले. अवघ्या चार वर्षांत, १९२३ मध्ये, ते मुंबईतच मोडीत काढले गेले. कंपनी तगली आणि वाढली ती मालवाहू जहाजांच्या बळावर. वालचंदशेठांच्या धाडसाचे पोवाडे पुष्कळ झाले. त्यांच्या या पहिल्या खरेदीकडे व्यापाऱ्याच्या नजरेने पाहणारे थोडे. जहाज विकत घेण्याची किंमत एकदाच मोजावी लागते, ते चालविण्याची किंमत रोज. लॉयल्टीचा खरा हिशेब या दुसऱ्या रकान्यात होता.

लहान नौकेलाही हाच नियम लागू पडतो. पाण्याला चिकटून चालणाऱ्या, म्हणजे लाटेवर उसळून न धावणाऱ्या नौकेचा सुलभ वेग तिच्या पाण्यातील लांबीवर ठरतो. लांबीचे फुटांतील वर्गमूळ काढून त्याला १.३४ ने गुणले की तो वेग नॉटमध्ये मिळतो. एक नॉट म्हणजे ताशी १.८५ किलोमीटर. पंचवीस फुटी नौकेचा हा वेग ६.७ नॉट, छत्तीस फुटीचा सुमारे ८ नॉट आणि एकोणपन्नास फुटीचा ९.४ नॉट. लांबी जवळजवळ दुप्पट झाली, पण वेग दीडपटही वाढला नाही. आता वजन पाहावे. आकार तोच ठेवून लांबी दुप्पट करावयाची, तर रुंदी आणि खोलीही दुप्पट होते. म्हणून पंचवीस फुटांवरून एकोणपन्नास फुटांवर जाताना पाण्याला भिडणारे बूड जवळजवळ चौपट होते आणि वजन सात-साडेसात पट. रंगाचा डबा बुडाच्या क्षेत्रफळावर लागतो. क्रेनचे भाडे वजनावर ठरते. नांगर, साखळी, दोरखंड ही सारी सामग्री वजनाप्रमाणे जाड होत जाते, आणि धक्क्यावरची जागा लांबीप्रमाणे महाग. 'थोडी मोठी घेऊ' हे वाक्य दुकानाच्या गाळ्याबाबत बोलले तर चालून जाते. नौकेच्या बाबतीत ते उच्चारण्यापूर्वी घनाचे गणित कागदावर मांडलेले बरे.

डिझेलचेही असेच. लहान होडीच्या मागे अडकवलेले पेट्रोल इंजिन हलके असते आणि दुरुस्तीसाठी उचलून किनाऱ्यावर नेता येते. नौका मोठी झाली की इंजिन आत, तळाशी जाते आणि पेट्रोलऐवजी डिझेलचे असते. याला सबळ कारण आहे. पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड असल्यामुळे नौकेच्या तळाशी साचून राहते आणि एका ठिणगीने पेट घेते. डिझेल तितक्या सहजी पेटत नाही. शिवाय डिझेल इंजिन संथ फेऱ्यांत मोठा जोर देते, दीर्घकाळ एकसारखे चालते आणि तेवढ्याच कामाला इंधन कमी घेते. ढोबळ हिशेब असा, की पूर्ण भारावर चालणाऱ्या डिझेल इंजिनाला दर अश्वशक्तीमागे तासाला सुमारे पाव लिटरहून थोडे कमी, म्हणजे शंभर अश्वशक्तीला वीस लिटरच्या आसपास इंधन लागते. यात बचतीची एक उत्तम वाट आहे, आणि ती बहुतेक नवे मालक विसरतात. पाण्यात वेग वाढविण्यासाठी लागणारी शक्ती साधारणपणे वेगाच्या घनाप्रमाणे वाढते. आठ नॉटने जाणारी नौका सात नॉटवर आणली, तर तासाचे इंधन सुमारे एक तृतीयांशाने घटते. वेळ थोडा अधिक लागतो हे धरूनही एका फेरीचे इंधन जवळजवळ पाऊण होते. तासाभराच्या प्रवासात आठ-नऊ मिनिटे अधिक देऊन इंधनाचा चौथा हिस्सा वाचत असेल, तर असा सौदा पेठेतला कोणताही जाणता मनुष्य डोळे मिटून करील.

डिझेलला स्वतःचे दुखणेही आहे, आणि ते पाण्याचे. टाकी अर्धी रिकामी ठेवली की दमट हवेतील बाष्प आत थंडावून तळाशी पाणी जमते, त्यात सूक्ष्म जंतूंचा चिकट थर धरतो आणि भर पाण्यात गाळणी तुंबते. म्हणून पावसाळ्यात नौका किनाऱ्यावर ओढून ठेवताना टाकी भरलेली ठेवतात, पाणी वेगळे करणाऱ्या गाळणीतले पाणी नेमाने सोडतात आणि बदलीच्या गाळण्या सोबत बाळगतात. समुद्राच्या पाण्याने इंजिन थंड करणाऱ्या पंपातील रबरी चक्र हा आणखी एक स्वस्त भाग. त्याची किंमत क्षुल्लक, परंतु ते तुटले आणि चालकाचे लक्ष नसले तर इंजिनाची किंमत क्षुल्लक राहत नाही.

जुनी नौका घेणाऱ्याने या साऱ्याच्या आधी एक गोष्ट करावी. स्वतंत्र सर्वेक्षक नेमावा, नौका पाण्याबाहेर काढून तिचे बूड तपासून घ्यावे आणि इंजिन थंड असताना सुरू करवून पाहावे. विक्रेत्याने आधीच तापवून ठेवलेले इंजिन पाहून समाधान मानू नये. बँका नौकेवर कर्ज देताना नोंदणी, सर्वेक्षण अहवाल आणि विमा ही तीन कागदपत्रे मागतात. रोखीने खरेदी करणाऱ्यानेही तीच स्वतःसाठी मागितली पाहिजेत, कारण बुडणारी रक्कम आता त्याची स्वतःची असते. उजनीसारख्या जलाशयातील आणि नद्यांतील यांत्रिक नौकांना अंतर्देशीय जलयान अधिनियम, २०२१ लागू होतो. १९१७ च्या जुन्या कायद्याची जागा या अधिनियमाने घेतली असून नोंदणी, सर्वेक्षणाचे प्रमाणपत्र, प्रशिक्षित चालक आणि विमा यांची तरतूद त्यात आहे. राज्यातील लहान बंदरे आणि जलवाहतूक यांचा कारभार १९९६ मध्ये स्थापन झालेल्या महाराष्ट्र सागरी मंडळाकडे आहे. नव्या नौकेच्या खरेदीत कराचा बोजाही लक्षात घ्यावा. २२ सप्टेंबर २०२५ पासून करमणुकीच्या नौकांवरील वस्तू व सेवा कर ४० टक्के झाला आहे. प्रवासी फेरीचा दर त्याहून पुष्कळ कमी आहे. शासन कोणत्या नौकेला गरज मानते आणि कोणत्या नौकेला चैन, ते यातून पुरेसे स्पष्ट होते.

मोठी नौका म्हणजे सुरक्षित नौका, असा एक समज घट्ट रुजला आहे. मुंबई बंदराचा इतिहास त्याला आधार देत नाही. १७ जुलै १९४७ रोजी सकाळी भाऊच्या धक्क्यावरून रेवसला निघालेली 'रामदास' ही आगबोट अलीकडच्या पाण्यातच उलटली आणि सहाशेहून अधिक माणसे बुडाली. ही आगबोट काही मोडकळीस आलेली नव्हती. १९३६ मध्ये इंग्लंडातील नावाजलेल्या स्वॉन हंटर गोदीत ती बांधली गेली होती. पावसाळ्याचे दिवस, खवळलेला समुद्र आणि भरगच्च प्रवासी. लाट एका बाजूने आदळली, भेदरलेले लोक दुसऱ्या बाजूला धावले आणि तोल गेला, असे त्या दुर्घटनेचे वर्णन पिढ्यान्‌पिढ्या सांगितले जाते. कोकणातल्या कित्येक घरांत तो दिवस अजूनही विसरला गेलेला नाही. स्वातंत्र्याला महिनाही उरला नव्हता आणि किनाऱ्यावरच्या गावांत सुतक होते.

श्रीपूरच्या माणसाला त्याहून जवळची घटना म्हणजे उजनीची. २१ मे २०२४ रोजी संध्याकाळी करमाळा तालुक्यातील कुगावहून इंदापूर तालुक्यातील कळाशीकडे निघालेली प्रवासी बोट वादळी वाऱ्यात सापडून उलटली. सात जणांपैकी एक जण पोहून काठाला लागला, सहा जण गेले. उन्हाळ्याच्या अखेरीस दुपारनंतर येणारा वळवाचा वारा हा या भागात कोणालाच अनोळखी नाही. आभाळ भरून येते, धूळ उठते, आणि पंधरा मिनिटांपूर्वी आरशासारखे असणारे पाणी उसळू लागते. जलाशयाचे पाणी उथळ आणि पसरट असल्यामुळे त्यावरच्या लाटा आखूड व उभ्या असतात. समुद्राच्या लांब लाटेपेक्षा लहान बोटीला त्या अधिक घातक ठरतात. त्याच वर्षी १८ डिसेंबरला गेटवेहून घारापुरीकडे जाणाऱ्या 'नीलकमल' या प्रवासी लाँचवर नौदलाची इंजिन-चाचणी चाललेली वेगवान बोट आदळली आणि १५ जणांचा मृत्यू झाला. त्या दिवशी ना वारा होता ना वादळ.

या तीन घटनांत नौकांचे आकार वेगळे, कारणे वेगळी. लांबीने यांपैकी कोणताही प्रश्न सुटला नसता. वजन किती आणि ते कोठे ठेवले, माणसे बसलेली की उभी, तळात साचलेले पाणी उपसले की नाही, वारा पाहून निघण्याचे टाळण्याचा अधिकार तांडेलाला आहे की मालकाला, आणि जीवरक्षक जॅकेट बाकाखाली बांधून ठेवलेले की अंगावर, या प्रश्नांवर जीव टिकतो. यांपैकी शेवटच्या प्रश्नाचे उत्तर मंडळी सहसा लाजून टाळतात. जॅकेट घातले की भित्रे दिसू, असे तरुणांना वाटते. पाण्यात पडल्यावर ते अंगावर चढविणे किती अवघड असते, हे ज्याने एकदा उथळ पाण्यात करून पाहिले त्याला पुन्हा सांगावे लागत नाही.

आता मांडव्याकडे वळू. गेटवेहून सुटणाऱ्या लाँच आणि कॅटामरान पिढ्यान्‌पिढ्या लोकांना अलिबागकडे नेत आल्या आहेत. पावसाळ्यात ही सेवा बंद होते. रस्त्याने गेल्यास बराच लांबचा फेरा पडतो. मार्च २०२० मध्ये भाऊच्या धक्क्यावरून मांडव्यापर्यंत रो-रो फेरी सुरू झाली. ग्रीसमध्ये बांधलेली ही डिझेल नौका सुमारे पाचशे प्रवासी आणि दीडशेच्या आसपास मोटारी एका वेळी घेऊन तासाभरात पलीकडे पोहोचते. सुरू होताच टाळेबंदी आली आणि सेवा थांबली. काही महिन्यांनी ती पुन्हा चालू झाली. हवामान बरे असेल तर पावसाळ्यातही ती जाते. पाळीव प्राण्यांचे तिकीट काढून त्यांना सोबत नेता येते, हे या नौकेचे वैशिष्ट्य कुत्रा पाळणाऱ्या कुटुंबांना विशेष मोलाचे वाटले. रेल्वेत कुत्र्याला न्यायचे तर पहिल्या वर्गाचा संपूर्ण कूपे आरक्षित करावा लागतो, नाहीतर गार्डच्या डब्यातील पेटी. त्या तुलनेत ही सोय मोठीच.

परंतु कुत्र्याच्या दृष्टीने रो-रोचा खरा लाभ तिकिटात किंवा डेकवरच्या जागेत नाही, तो उताराच्या फळीत आहे. मुंबईच्या समुद्राला उधाणाच्या दिवसांत भरती-ओहोटीत चार-पाच मीटरचा फरक पडतो. ओहोटीला जुन्या धक्क्याच्या खालच्या पायऱ्या उघड्या पडतात, त्यांवर शेवाळ असते, लाँच खाली-वर होत असते आणि धक्का व लाँच यांमधील फट उघडते-मिटते. माणूस हात धरून उडी मारतो. चार पायांच्या प्राण्याला ती उडी समजत नाही. तो मागे खेचतो, मालक ओढतो, गळ्यातील पट्टा सुटतो. कुत्रे पाण्यात पडण्याचे प्रसंग बहुधा भर समुद्रात येत नाहीत, ते धक्क्याशी, चढताना-उतरताना येतात. मोटार आत घेणाऱ्या रुंद, खरबरीत उतारावरून तोच कुत्रा स्वतःच्या पायांनी आत चालत जातो.

मोठी खासगी नौका घेणाऱ्याने ही एक गोष्ट तरी मनात धरावी. नौका मोठी झाली की तिचा काठ पाण्यापासून उंच होतो. लहान होडीत वाकून कुत्र्याला पाण्यातून वर ओढता येत असे. चाळीस फुटी नौकेवरून ते जमत नाही. मग मागच्या बाजूला पाण्यालगतची फळी असावी, तिला उतरता जिना किंवा खरबरीत रॅम्प असावा, आणि कुत्र्याच्या अंगावर पाठीवर मूठ असलेले जीवरक्षक जॅकेट असावे. ती मूठ म्हणजे शोभा नव्हे. आकड्याने पकडून त्याला वर काढता यावे यासाठी ती असते. सगळेच कुत्रे पोहतात हाही भ्रमच. पग आणि बुलडॉग यांसारख्या आखूड नाकाच्या, जड डोक्याच्या जातींना नाक पाण्यावर धरणे जड जाते, आणि मुंबईच्या सदनिकांत नेमक्या याच जाती आवडीने पाळल्या जातात. सुरक्षिततेच्या कल्पनेने कुत्र्याला कठड्याला बांधून ठेवणारेही असतात. लहान बोट उलटली तर ती दोरीच त्याचा प्राण घेते.

डिझेल नौकेत कुत्र्याला असलेले इतर धोके माणसाच्या लक्षात येत नाहीत, कारण ते त्याच्या उंचीवर नसतात. इंजिनाचे झाकण उबदार असते म्हणून कुत्रा त्यावर जाऊन झोपतो. धूर बाहेर टाकणारी नळी तेथे गळत असेल, तर कार्बन मोनॉक्साइड प्रथम त्याच्या नाकाशी येतो. तळात साचलेले तेलकट पाणी तो चाटतो. इंजिन थंड ठेवण्यासाठी वापरले जाणारे एथिलीन ग्लायकॉल चवीला गोड असते आणि थोड्या प्रमाणातही कुत्र्याची मूत्रपिंडे निकामी करते. ते सांडले असेल तर लगेच पुसावे, डबा बंद कपाटात ठेवावा. आवाजाचेही तसेच. माणसाला सुमारे वीस हजार हर्ट्झपर्यंत ऐकू येते, कुत्र्याला पंचेचाळीस हजारांच्या आसपास. माणसाच्या कानांना नुसती घरघर भासणाऱ्या यंत्रात त्याला इतर कर्कश आवाजही ऐकू येत असतात. इंजिनकक्षाला ध्वनिरोधक अस्तर लावण्याचा खर्च माणसांसाठी चैन वाटला, तरी कुत्र्यासाठी तो योग्य ठिकाणी झालेला खर्च आहे.

उष्णता हा आपल्या हवामानातला सर्वांत मोठा शत्रू. कुत्र्याला माणसासारखा अंगभर घाम येत नाही. धापा टाकून तो शरीर थंड करतो. त्याचे नेहमीचे तापमान ३८ ते ३९ अंश सेल्सिअसच्या दरम्यान असते, आणि ४१ च्या पुढे गेले की जिवावर बेतते. उन्हात उभ्या असलेल्या बंद मोटारीतील तापमान दहा मिनिटांत सुमारे दहा अंशांनी चढते. फेरीच्या रांगेत किंवा खालच्या मजल्यावर मोटारीत त्याला कोंडून स्वतः वरच्या वाऱ्यावर चहा घेणे, हे निष्काळजीपणाच्याही पलीकडचे आहे. पांढऱ्या फायबरचा डेक एप्रिल-मेच्या उन्हात पायांचे तळवे भाजतो, तेथे ओली गोणपाटे किंवा रबरी जाळी अंथरावी. गोडे पाणी भरपूर सोबत घ्यावे. समुद्राचे पाणी पिऊ दिले, तर उलट्या-जुलाब होऊन तहान आणखी वाढते. निघण्यापूर्वी तीन-चार तास जड खाणे टाळावे. नाव लागणे माणसांप्रमाणे कुत्र्यांनाही असते, पिलांना अधिक. वारंवार त्रास होत असेल तर पशुवैद्यांना विचारूनच औषध द्यावे. लसीकरणाचे पुस्तक कागदपत्रांच्या पिशवीत असावे. आणि इतर प्रवाशांचाही विचार हवा. सर्वांनाच कुत्रा आवडतो असे नाही. लहान मुले घाबरतात, कोणाला ॲलर्जी असते. आखूड पट्टा, गरजेप्रमाणे मुसके आणि स्वतः उचलण्याची तयारी, एवढे पथ्य पाळणाऱ्या मालकांमुळेच अशा सोयी टिकतात.

शौचाचा प्रश्न बाहेरून क्षुल्लक दिसतो. तासाभराच्या फेरीत तो येत नाही. परंतु स्वतःच्या नौकेवर रात्र काढायची असेल, तर घरात नीट शिकवलेला कुत्रा डेकवर काही करावयास तयार होत नाही, बारा-बारा तास रोखून धरतो आणि आजारी पडतो. खोट्या हिरवळीचा तुकडा आधी अंगणात काही आठवडे वापरून मग तोच नौकेवर नेणे, ही जगभरच्या नौकाधारकांनी अनुभवाने शोधलेली युक्ती आहे.

समुद्रावर कुत्रे नेणे हे आजच्या हौशी लोकांचेच खूळ आहे, असे मात्र नाही. दुसऱ्या महायुद्धात 'थोरोड' या नॉर्वेजियन सुरुंगशोधक जहाजावर 'बाम्से' नावाचा एक सेंट बर्नार्ड जातीचा प्रचंड कुत्रा होता, आणि जहाजाच्या नोंदवहीत त्याची खलाशी म्हणून रीतसर नोंद होती. लढाईच्या वेळी त्याला खास बनविलेले धातूचे शिरस्त्राण घालत. १९४४ मध्ये तो स्कॉटलंडमधील माँट्रोज येथे मरण पावला. त्या गावात आज त्याचा पुतळा उभा आहे. सहप्रवासी म्हणून ज्याला नोंदवहीत जागा मिळाली, त्याच्या शिरस्त्राणाची तरतूदही जहाजानेच केली होती, हे येथे ध्यानात घेण्यासारखे. मोठी नौका घेताना माणसांसाठी जॅकेट मोजणारा मालक कुत्र्याचे जॅकेट मोजतो का, यावरून त्याचे उरलेले नियोजन कसे असेल याचा बराचसा अंदाज बांधता येतो.

ज्या कुटुंबाचा मुक्काम वर्षातून चार-सहा वेळा मांडव्याला असतो, त्याच्यासाठी हिशेब स्पष्ट आहे. फेरीचे तिकीट काढावे, कुत्र्याचे तिकीट काढावे आणि पाण्यावरचा एक तास आनंदाने घालवावा. स्वतःच्या मोठ्या नौकेचे वार्षिक बांधणी-भाडे, विमा, बुडाचा रंग, तांडेलाचा पगार आणि डिझेल यांची बेरीज करून ती वर्षातल्या प्रत्यक्ष फेऱ्यांनी भागली, तर एका फेरीची जी रक्कम निघते ती पाहून बहुतेकांचा उत्साह आपोआप मावळेल. वर्षातून पन्नास-साठ दिवस पाण्यावर असणाऱ्याची गोष्ट वेगळी. त्याला मोठी डिझेल नौका शोभते. त्यानेही खरेदीपूर्वी तशाच नौकेवर एक पूर्ण दिवस भाड्याने काढावा, आणि तो दिवस निवांत हिवाळ्यातला न निवडता वारा असलेला निवडावा. कुत्र्याला सोबत न्यावे.

त्याला नौकेची सवय लावण्याचा क्रमही घाईचा नाही. पहिल्या दिवशी धक्क्याला बांधलेल्या, इंजिन बंद असलेल्या नौकेवर त्याला नुसते हिंडू द्यावे. तो वास घेतो, कोपरे पाहतो, आपली जागा ठरवतो. दुसऱ्या वेळी इंजिन चालू करावे, परंतु दोर सोडू नयेत. तिसऱ्या वेळी बंदराच्या आत दहा मिनिटांचा फेरा मारावा आणि ओहोटीची वेळ नेमकी टाळावी. उतरताना कुत्रा आधी ओढून बाहेर काढू नये. धक्क्यावर एक माणूस आणि नौकेवर एक माणूस असे दोघे असावेत, जॅकेटची मूठ एकाच्या हातात आणि पट्टा दुसऱ्याच्या हातात, आणि दोर पक्के बांधून होईपर्यंत तिघांनीही आपापल्या जागी थांबावे.